बारा तासांची किल्ली

खैरलांजी म्हटले की मराठी वाचकाला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले गाव आठवते. २००६ सालच्या हत्याकांडाने ते नाव काळजात रुतून बसले आहे. हा लेख ज्या खैरलांजीतून सुरू होतो ते गाव वेगळे. वैनगंगेच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले हे तहसिलीचे ठिकाण. नदीपलीकडे गोंदिया जिल्ह्यातला तिरोडा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि एका काठाची माणसे भोपाळकडे, तर दुसऱ्या काठाची मुंबईकडे पाहू लागली. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. बाजारात आजही हिंदी, मराठी आणि पोवारी एकाच सौद्यात कानावर पडतात.

दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे इथे एकच विषय असतो, धान. सरकारला हमीभावाने धान विकायचे तर ई-उपार्जन पोर्टलवर नोंदणी हवी, मग स्लॉट हवा. मोबाईलवर जमले तर जमले, नाहीतर कियोस्क गाठायचा. कियोस्कच्या बाकावर पासबुक आणि जमिनीची कागदे पिशवीत घालून माणसे बसलेली असतात. पान अर्धे उघडते आणि अडकते.

"काहून थांबलं बाबू?"

"लोड होऊन राहिलं काका. टावर गेलता, आता आला."

सीमेवरच्या गावांत हा नेहमीचा अनुभव. फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी मारतो, कधी नदीपलीकडचा महाराष्ट्रातला टॉवरही पकडतो, जोडणी तुटते आणि पुन्हा जुळते. बाकावरच्या काकांना पान उघडल्याशी मतलब. पण "टावर गेलता" आणि "आता आला" या दोन वाक्यांच्या मध्ये फोन आणि दूरचा सर्व्हर यांच्यात काय घडते, आणि त्यात एका छोट्या किल्लीचे काय काम असते, हे पाहण्यासारखे आहे.

ओळख पटवण्याचा खर्च

ब्राउझरच्या पत्त्यात "एचटीटीपीएस" असते. त्यातला शेवटचा "एस" म्हणजे टीएलएस नावाची व्यवस्था. संवाद सुरू होण्याआधी फोन आणि सर्व्हर यांची ओळखपरेड होते, तिला हँडशेक म्हणतात. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, फोन ते तपासतो, दोघे मिळून एक गुपित ठरवतात आणि पुढचे सगळे बोलणे त्या गुपिताने कुलूपबंद होते.

या परेडला वेळ लागतो. टीएलएस १.२ या आवृत्तीत पूर्ण हँडशेकसाठी निरोपाच्या दोन फेऱ्या होतात, आणि त्याआधी साधी जोडणी जुळवायला एक फेरी गेलेली असते. कमकुवत सिग्नलवर एका फेरीला समजा ३०० मिलिसेकंद लागले, तर कामाचे एक अक्षर यायच्या आत जवळपास एक सेकंद गेला. शहरात फायबरवर बसलेल्याला हे जाणवत नाही. कियोस्कच्या बाकावर जाणवते, कारण तिथे जोडणी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. सर्व्हरलाही प्रत्येक पूर्ण हँडशेकमध्ये सहीसाठी जड गणित करावे लागते. हजारो शेतकरी एकाच सकाळी नोंदणीला आले तर तो भार साधा नसतो.

मग प्रश्न येतो तो असा. ज्याची ओळख दहा मिनिटांपूर्वीच पटली आहे, त्याला पुन्हा सगळे कागद का मागायचे?

वही कोणाकडे?

गावच्या किराणा दुकानात उधारीचे दोन प्रकार असतात. एकात वही दुकानदाराच्या गल्ल्याशी असते. गिऱ्हाईक नाव सांगते, दुकानदार पान काढतो. दुसऱ्यात छोटी वही गिऱ्हाइकाच्याच घरी असते आणि प्रत्येक वेळी ती सोबत आणायची असते.

इंटरनेटवरही हेच दोन मार्ग निघाले. पहिला १९९०च्या दशकापासूनचा. सर्व्हर प्रत्येक भेटीला एक क्रमांक देतो, त्यापुढे ठरलेले गुपित स्वतःच्या स्मरणात ठेवतो आणि पुढच्या वेळी क्रमांक ऐकून ओळखतो. याची अडचण दुकानदारालाच विचारा. गिऱ्हाईक वाढले की वह्या वाढतात. शिवाय दुकानाच्या चार शाखा असतील आणि गिऱ्हाईक आज वेगळ्याच शाखेत गेले, तर वही तिथे नसते. मोठ्या संकेतस्थळामागे एकच नाव असले तरी यंत्रे शेकडो असतात.

दुसरा मार्ग २००६ साली आरएफसी ४५०७ या दस्तऐवजात आला आणि जानेवारी २००८ मध्ये आरएफसी ५०७७ म्हणून सुधारून निघाला. त्याचे नाव सेशन तिकीट. सर्व्हर आपली वही गिऱ्हाइकाच्याच हाती देतो, पण कुलूपबंद डब्यात. डबा गिऱ्हाइकाकडे, किल्ली फक्त दुकानदाराकडे. पुढच्या वेळी फोन तो डबा तसाच परत देतो. सर्व्हर तो उघडतो, आतले गुपित वाचतो आणि म्हणतो, "हो, आपली ओळख आहे." दोन फेऱ्यांची एक होते, प्रमाणपत्र पुन्हा पाठवावे लागत नाही आणि सर्व्हरला काही लक्षात ठेवावे लागत नाही.

तिकीट उलगडून पाहू

आरएफसी ५०७७ ने सुचवलेले तिकीट चार तुकड्यांचे आहे. पहिले १६ बाइट म्हणजे किल्लीचे नाव, हा डबा कोणत्या किल्लीचा हे सांगणारी पट्टी. पुढचे १६ बाइट यादृच्छिक, म्हणजे तोच मजकूर दोनदा कोंडला तरी डबा दर वेळी वेगळा दिसावा म्हणून. मग कुलूपबंद मजकूर. त्यातच ते ठरलेले गुपित असते. शेवटी ३२ बाइटांची मोहर, कोणी डब्याला हात लावला तर कळावे म्हणून.

सर्व्हर चालवणाऱ्याकडे याची दुसरी बाजू असते. एंजिनएक्स हा वेब सर्व्हर तिकिटाच्या किल्लीसाठी एक फाइल मागतो. तिचा आकार नेमका ८० बाइट किंवा ४८ बाइट. ८० असेल तर कुलूप २५६ बिटांचे, ४८ असेल तर १२८ बिटांचे. ओपनएसएसएल या साधनाला ८० यादृच्छिक बाइट मागितले की क्षणात फाइल तयार होते. हा परिच्छेद त्या किल्लीहून कितीतरी मोठा आहे. पण एखाद्या संकेतस्थळावर दिवसभरात आलेल्या लाखो लोकांचे डबे त्या एका फाइलने उघडतात.

धोका इथेच आहे.

डबा बाजारातून फिरतो

टीएलएस १.२ मध्ये तिकीट उघड्यावरून प्रवास करते. ते कुलूपबंद असते हे खरे, पण वाटेत कोणीही त्याची नक्कल काढून ठेवू शकतो. डब्याची नक्कल काढायला काही लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. नक्कल काढणारा सोबत पुढचे सगळे कुलूपबंद बोलणेही साठवतो आणि थांबतो. वर्षभराने त्याच्या हाती ती ८० बाइटांची फाइल लागली, की डबा उघडतो, आतले गुपित मिळते आणि त्या गुपिताने जुने बोलणे जसेच्या तसे वाचता येते.

हे होऊ नये म्हणून तर टीएलएसमध्ये वेगळी तजवीज केलेली असते. प्रत्येक संवादासाठी तात्पुरते गुपित बनवायचे, काम संपले की विसरायचे. उद्या सर्व्हरची मुख्य खासगी किल्ली चोरीला गेली तरी कालचे बोलणे उघडू नये. तिकिटाची किल्ली महिनोन्महिने तीच राहिली तर ही सगळी तजवीज वाया जाते. पुढच्या दाराला सात कुलपे लावायची आणि मागच्या दाराची किल्ली खिळ्याला टांगून ठेवायची, तसले हे काम.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर "आज साठवा, उद्या उघडा" ही शंका सगळ्यांच्या मनात बसली. त्याच महिन्यात गूगलचे अ‍ॅडम लँगली यांनी तिकिटांमुळे ही तजवीज कशी फसते ते लिहिले. नोव्हेंबरात ट्विटरने आपली पद्धत सांगितली. ठरावीक यंत्रांपैकी एक दर १२ तासांनी नवी किल्ली बनवते, ३६ तास उलटलेली किल्ली पुसून टाकली जाते. किल्ल्या डिस्कवर कधीच लिहिल्या जात नाहीत, फक्त स्मृतीत राहतात. वीज गेली की किल्लीही गेली. आणि तेच हवे असते.

सगळे इतके शहाणे नव्हते. मिशिगन विद्यापीठातले ड्रू स्प्रिंगॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली लोकप्रिय दहा लाख संकेतस्थळे तपासली. तिकिटांसह अशा सगळ्या सोयीच्या आडवाटा धरून त्यांना दिसले, की त्यांतल्या एचटीटीपीएस वापरणाऱ्यांपैकी ३८ टक्के स्थळांचे बोलणे सर्व्हरवर २४ तासांनंतर घाला पडला तरी उघडता येईल, आणि १० टक्के स्थळांचे तर ३० दिवसांनंतरही.

शून्याची किल्ली

किल्ली जुनी असणे वाईट. किल्लीच नसणे त्याहून वाईट. जीएनयूटीएलएस हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक लिनक्स यंत्रणांत वापरले जाते. त्याच्या ३.६.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, एक चूक शिरली. किल्ली पहिल्यांदा बदलेपर्यंत तिच्या जागी नुसती शून्ये वापरली जात. कुलूप दिसायचे कुलपासारखे, पण ते उघडायला कोणाचीही किल्ली चालायची. जून २०२० मध्ये ३.६.१४ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली.

२०२३ साली जर्मन विद्यापीठांतल्या संशोधकांनी तिकिटांचा पुन्हा धांडोळा घेतला, तेव्हा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेतही अशाच कच्च्या किल्ल्या सापडल्याचे त्यांनी मांडले. जगातल्या आघाडीच्या एक लाख स्थळांपैकी निदान १.९ टक्के स्थळांचे बोलणे नुसते ऐकून उलगडता येत होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकरणांत काहीच चुकीचे दिसत नव्हते. पान उघडत होते, ब्राउझर जोडणी सुरक्षित असल्याचे सांगत होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ ने बरीच डागडुजी केली. तिकीट आता उघड्यावर दिले जात नाही, कुलूपबंद संवादाच्या आतून दिले जाते. त्यात मूळ गुपित नसते, त्यातून एकाच दिशेने काढलेले दुसरे गुपित असते, त्यामुळे डबा फुटला तरी पहिला संवाद वाचतो. तिकिटाचे आयुष्य जास्तीत जास्त सात दिवस. पुनर्भेटीत नवे तात्पुरते गुपितही मिसळता येते. पण याच आवृत्तीत एक मोहही आहे, ओळख पटण्याआधीच पहिल्या निरोपासोबत मजकूर पाठवण्याचा. त्या मजकुराला फक्त तिकिटाचाच आधार असतो. किल्ली फुटली तर तो उघडा पडतो आणि वाटेतला कोणी तोच निरोप दोनदा पोहोचवू शकतो. पान वाचण्यापुरते ते चालेल. पैसे पाठवायला किंवा स्लॉट पक्का करायला नाही.

जुनी वही, नवी वही

किल्ली बदलायची म्हणजे नेमके काय करायचे? जुनी एकदम फेकली तर ज्यांच्या हाती जुने डबे आहेत ते सगळे अडकतील. त्यांना पूर्ण हँडशेक करावा लागेल आणि सर्व्हरवर एकदम लोंढा येईल. म्हणून तीन किल्ल्या ठेवतात. आजची, जिने नवे डबे बंद होतात. कालची, जिने फक्त उघडायचे, बंद करायचे नाही. आणि उद्याची, जी वापरात येण्याआधीच सगळ्या शाखांवर पोहोचलेली असते, नाहीतर एका यंत्राने दिलेला डबा दुसऱ्याला उघडणार नाही. पाळी आली की उद्याची आजची होते, आजची कालची होते आणि कालची पुसली जाते.

व्यापाऱ्याला हे नवे नाही. दिवाळीत नव्या वहीची पूजा होते, नवे व्यवहार नव्या वहीत चढतात. जुनी वही तोवर हाताशी राहते, कारण मागची येणी तिच्यातूनच वाचायची असतात. फरक एवढाच, की व्यापारी जुनी वही माळ्यावर जपतो आणि इथे ती जाळायची असते.

जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेचा, पतसंस्थेचा, शाळेचा किंवा छोट्या कंपनीचा सर्व्हर सांभाळणारी आपलीच मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी. किल्लीची फाइल स्वतः ठरवली असेल तर ती वेळापत्रक लावून बदला. एकदा बनवून विसरलेली फाइल सगळ्यात घातक. ती कोडच्या साठ्यात आणि बॅकअपमध्ये ठेवू नका, बॅकअप हाच तिचा चोरदरवाजा. दोन वेगळ्या संकेतस्थळांना एकच किल्ली देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये एंजिनएक्समध्ये दुरुस्त झालेली एक चूक याच गोंधळाची होती. एका स्थळावर मिळालेल्या ओळखीवर दुसऱ्याची प्रमाणपत्र-तपासणी चुकवता येत होती. आणि एकच सर्व्हर असेल तर किल्ली स्वतः देऊच नका. एंजिनएक्स ती सुरू होताना आपोआप बनवतो, आणि १.२३.२ आवृत्तीपासून सामायिक स्मृती वापरल्यास आपोआप बदलतोही.

आपल्याकडे किल्ली जपण्याची वस्तू मानतात. कोठाराची किल्ली आजीच्या कमरेला असते, मग सुनेच्या कमरेला जाते. सर्व्हरवरच्या या किल्लीचे मोल मात्र तिच्या वेळेवर मरण्यात आहे. तेव्हा या पाडव्याला वहीपूजन झाले की तुमच्या हाताखालच्या सर्व्हरवर जा आणि तिकिटाच्या किल्लीच्या फाइलची तारीख पाहा. ती गेल्या दिवाळीची निघाली, तर नवी वही आजच उघडा.