दुकानाची वही आणि शिक्षणाची वही

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी घरांत लाभपंचमी साजरी होते. दिवाळीनंतर पेढी पुन्हा उघडते आणि नव्या वहीत पहिली नोंद पडते. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी होय. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते, मुलांच्या हाती पाटी-पुस्तक दिले जाते. लाभ आणि ज्ञान यांना पूर्वजांनी एकाच तिथीवर मान दिला. तरीही बहुतेक घरांत वही एकच असते, ती दुकानाची. मालाची खरेदी, उधारी, भाडे, नोकरांचे पगार यांचा हिशेब पैशापैशाने ठेवणारे घर मुलांच्या उच्च शिक्षणाच्या खर्चाचा विचार मात्र बारावीचा निकाल हाती आल्यावर करू लागते. तोपर्यंत अनेक सवलतींची मुदत उलटून गेलेली असते.

शिक्षणाला वेगळी तरतूद हवी, हा विचार पुण्याच्या मंडईला अपरिचित नाही. १८८६ साली ही देखणी दगडी इमारत उभी राहिली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. महात्मा जोतीराव फुले त्याआधी पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि बाजाराच्या इमारतीवर एवढा मोठा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला होता. लोकांचा पैसा आधी शिक्षणाकडे वळावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला फुल्यांचे नाव देण्यात आले. बाजार हवा, पण शाळेच्या आधी नको, असे म्हणणाऱ्या माणसाचे नाव आज पुण्याच्या या बाजारावर आहे. शुक्रवार, रविवार, गुरुवार पेठांतील व्यापारी त्या नावाखालून रोज जातात.

जैन समाजातील दूरदर्शी श्रेष्ठींनी हा विचार आपल्या परीने आधीच अंगीकारला होता. मुंबईचे दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी गावोगावच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारण्यास हातभार लावला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट घालून दिली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बोर्डिंगच्या एका खोलीवर झालेला खर्च महाराष्ट्राला अशा रीतीने परत मिळाला. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेतून मुंबईत स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयानेही तोच विचार पुढे नेला. विद्यार्थ्याने घेतलेले साहाय्य कर्ज मानावे, कमावता झाल्यावर ते फेडावे आणि त्यातून पुढचा विद्यार्थी शिकावा, ही पद्धत व्यापाऱ्याच्या मनाला सहज पटणारी आहे.

आजच्या कुटुंबाने शिक्षणाची वही उघडायची ठरवली, तर तिचे पहिले पान पैशांचे नाही, कागदांचे आहे. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जैन अल्पसंख्याक संस्थांत जैन विद्यार्थ्यांसाठी आणि गुजराती किंवा हिंदी भाषक अल्पसंख्याक संस्थांत त्या भाषकांसाठी जागा राखीव असतात. परंतु पुष्कळ मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘जैन’ ही नोंद नसते, किंवा मातृभाषेचा रकाना चुकीचा भरलेला असतो. मूल शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत आणि शिक्षण विभागाच्या मान्यतेने तुलनेने सुकर असते. शाळा सोडल्यावर ती फार कठीण होते. म्हणून हा कागद नववीतच तपासावा. जूनमधील धावपळीत तो हाती येईल, या भरवशावर राहू नये.

दुसरा कागद उत्पन्नाचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि अन्य आरक्षण लागू नसेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढता येते. राज्यातील प्रवेशांसाठी आणि केंद्रीय संस्थांसाठी त्याचे नमुने वेगळे असतात, हे ध्यानात ठेवावे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळू शकते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. एका प्रमाणपत्रामुळे निम्म्या फीचे पूर्ण माफीत रूपांतर होते. मात्र हा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांनाच आहे. व्यवस्थापन कोट्याला किंवा खासगी अभिमत विद्यापीठांना नाही. मुलाच्या फीसाठी पेढीतून रक्कम काढणारे आणि मुलीला ‘जवळचे कॉलेज बरे’ असे सुचवणारे घर आजही आढळते. त्या घरातील मुलीसाठी हा कागद वेळेवर काढणे म्हणजे तिच्या हक्काचा वाटा तिच्या नावे लिहिणे होय.

तिसरे पान प्रवेश प्रक्रियेचे. केंद्रीभूत प्रवेशात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते स्वीकारावे लागते. म्हणून परिचिताच्या मुलाने भरलेली यादी उतरवून काढू नये. मागील वर्षाचे शेवटचे गुण, घरापासूनचे अंतर आणि पूर्ण अभ्यासक्रमाची फी ही तीन अंगे पाहूनच क्रम लावावा. व्यावसायिक महाविद्यालयांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि तिचे आकडे जाहीर असतात. त्याहून अधिक रक्कम ‘देणगी’ म्हणून मागणे १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. व्यापारी घरात रोख असते, हे मध्यस्थास ठाऊक असते आणि निकालाच्या आठवड्यात तो हमखास दारी येतो. पावतीशिवाय माल न उचलणाऱ्याने पावतीशिवाय जागाही उचलू नये. अचौर्याचे अणुव्रत दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही.

चौथे पान भांडवलाचे. मंडईतील भाजीविक्रेत्याने पहाटे घातलेले भांडवल संध्याकाळी त्याच्या हाती येते. शिक्षणाचे भांडवल चार-पाच वर्षे अडकून राहते. ते चालू धंद्यातून काढले तर ऐन हंगामात माल भरण्यास पैसा उरत नाही. तरीही शैक्षणिक कर्जाला पुष्कळ घरांत कमीपणा मानतात आणि सोयऱ्यांकडून हातउसने घेणे पसंत करतात. या दोहोंतला फरक हिशेबात मांडून पाहावा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, मात्र व्याज रक्कम उचलल्यापासूनच चढते. ते शिक्षण चालू असतानाच भरत गेल्यास पुढचा भार हलका होतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत या कर्जाच्या व्याजावर कमाल आठ वर्षे वजावट मिळते. नातेवाइकाकडून घेतलेल्या रकमेवर ती मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत देशातील निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्यास तारण व जामीनदाराविना कर्जाची सोय आहे. बँक मोठ्या कर्जासाठी आयकर विवरणपत्रे पाहते, म्हणून ज्या घराने वर्षानुवर्षे उत्पन्न कमी दाखवले, त्याला गरजेच्या वेळी कर्जही कमीच मिळते. सचोटीच्या हिशेबाचे मोल असे अनपेक्षित ठिकाणी कळते.

खर्चाचा अंदाज करताना पहिल्या वर्षाच्या फीपुढे थांबू नये. वसतिगृह, भोजन, पुस्तके, प्रवास आणि दरवर्षीची संभाव्य वाढ धरून संपूर्ण अभ्यासक्रमाची बेरीज एकदाच मांडावी आणि ती मुलामुलींसमोर मांडावी. दुकानाची आवक-जावक न लपवता सांगितली, तर मुलेही पसंतीक्रम अधिक जबाबदारीने भरतात. पेढीवर बसायचे की शिकून दुसरी वाट धरायची, हा निर्णयही मग रागलोभाविना होऊ शकतो.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांत ज्ञानदानाचे स्थान मोठे मानले आहे. समाजाच्या वसतिगृहात राहून किंवा न्यासाच्या साहाय्याने जो शिकतो, त्याच्या वहीत एक येणे समाजाचे असते. पहिल्या पगारापासून त्यातला थोडा अंश परत जमा होत गेला, तर पुढच्या जूनमध्ये एखाद्या छोट्या दुकानदाराच्या मुलीला फीसाठी थांबावे लागणार नाही.