एका किकवर तोललेली कारकीर्द

प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. अन्यथा चढाईपटू बाद. कासू, पेण, रोहा या कबड्डीप्रेमी पट्ट्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकन फुटबॉलमधील ‘प्लेसकिकर’ला मात्र प्रत्येक किक अशीच निर्वाणीची असते.

सहकाऱ्याने जमिनीवर उभा धरलेला चेंडू पायाने टोलवायचा आणि साडेअठरा फूट अंतरावरील दोन खांबांमधून, दहा फूट उंचीच्या आडव्या दांडीवरून पलीकडे धाडायचा, हे त्याचे काम. या ‘फील्ड गोल’चे ३ गुण मिळतात. उरलेला बहुतेक वेळ तो मैदानाबाहेरच असतो.

अ‍ॅडम विनातिएरी हे याचे ठळक उदाहरण. निवडप्रक्रियेत कोणत्याही संघाने न घेतलेला हा खेळाडू आधी अ‍ॅमस्टरडॅमच्या संघाकडून खेळला आणि १९९६ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये दाखल झाला. जानेवारी २००२ मध्ये भर हिमवर्षावात ४५ यार्डांवरून किक साधून त्याने हरत आलेला सामना बरोबरीत आणला. पुढच्याच महिन्यात सुपर बोलच्या अखेरच्या क्षणी ४८ यार्डांवरील किकने संघाला २०-१७ असे विजेतेपद मिळवून दिले.

२४ हंगामांत त्याने २,६७३ गुणांचा विक्रम रचला. तरीही २०१९ च्या हंगामात २५ पैकी ८ फील्ड गोल हुकताच टीका सुरू झाली. गुडघ्याच्या दुखापतीने तोच त्याचा अखेरचा हंगाम ठरला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. किकरचे मोल अखेर पुढच्या किकवरच ठरते.