कारंज्याच्या वेशीतून

सुट्टीत मुलांना लांब न्यायची ऐपत नव्हती, म्हणून कारंजा लाडला नेले. ही वऱ्हाडातली जुनी श्रीमंत पेठ. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, ती या संपत्तीसाठीच. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस: व्यापाराच्या वाटा या नावांतच आहेत.

दिल्ली वेशीखाली मुलीने विचारले, "अब्बा, इथून खरंच दिल्लीला जायचे?" पुस्तकात दिल्ली आहे, ही वेस नाही. इतकी वर्षे वाशिम जिल्ह्यात शिकवूनही मी ती वर्गात कधी सांगितली नव्हती, हे कबूल करतो. आपणच सांगितले नाही, तर दगड पडले तरी कोणाला कळणार?

परतताना मंगरुळपीरला हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर फातिहा पढली. शिदोरी घरचीच होती. खर्च फक्त एसटीचा.