परदेशी जॉबमधला 'लाबोरांट' म्हणजे नक्की कोण?

नांदेड-लातूरकडचे डीएमएलटी झालेले मित्र मला युरोपातल्या जॉबचे स्क्रीनशॉट पाठवतात. त्यात 'लाबोरांट' हा शब्द हमखास असतो. भाषांतराचं ॲप 'लॅब टेक्निशियन' सांगून मोकळं होतं. पण गोष्ट एवढी सोपी नाही.

शब्द आला कुठून?
लॅटिनमध्ये 'लाबोरारे' म्हणजे श्रम करणं. श्रम करणारा तो लाबोरांट. आपल्या दवाखान्यातली 'लेबर रूम' आणि 'लॅब' हे शब्दही त्याच मुळातले. लाबोरांट इंग्रजीत रुळला नाही, म्हणून आपल्याकडेही आला नाही. जर्मन, डच, चेक, पोलिश, रशियन भाषांत मात्र तो रोजचा आहे.

मग अडचण काय?
शब्द एक, काम वेगळं.

• जर्मनी: 'केमीलाबोरांट' केमिकल लॅबमध्ये काम करतो, त्याचं ट्रेनिंग साडेतीन वर्षांचं. रक्त-लघवी तपासणाऱ्याचं पद २०२३ पासून 'मेडिझिनिशर टेक्नोलोगे'. त्यासाठी आपल्या डिप्लोमाला तिथली सरकारी मान्यता लागते.
• नेदरलँड्स: एक्स-रे काढणाराही लाबोरांटच!
• चेकिया: 'झ्द्रावोत्नी लाबोरांट' हा मात्र आपल्या डीएमएलटीवाल्याच्या जवळचा.

काय करायचं?
ॲपमध्ये एकटा शब्द टाकू नका, पूर्ण जाहिरात टाका. कामाची यादी वाचा: रक्ताचे नमुने आहेत, केमिकल आहेत की एक्स-रे? मग मूळ भाषेतलं पदाचं पूर्ण नाव कॉपी करून, देशाच्या नावासह सर्च करा. एजंटला पैसे द्यायच्या आधी एवढं कराच.