जुनी दाखल-खारीज वही आणि संगणकाच्या आज्ञेतील कॅमेरा

विदर्भातील जुन्या प्राथमिक शाळांच्या कपाटांत एक जाडजूड नोंदवही जपून ठेवलेली असते. तिला दाखल-खारीज असे म्हणतात. मूल शाळेत केव्हा दाखल झाले, त्याची जन्मतारीख काय, वडिलांचे नाव व जात कोणती आणि त्याचे नाव केव्हा कमी झाले, ही सर्व माहिती तीत एका ओळीत सामावलेली असते. ज्या पिढीजवळ जन्माचा दुसरा कागद नव्हता, तिच्या नातवंडांना आज याच ओळीचा आधार घ्यावा लागतो. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक आहेत. त्यांच्या आधीचा पुरावा शोधणारा विद्यार्थी प्रथम आजोबांची शाळा गाठतो.

नागपूर हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. त्यामुळे या भागात बंदोबस्ताच्या मिसली, अधिकार अभिलेख, कोतवाल पंजी अशी त्या काळातील दप्तरेही आढळतात. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे अभिलेखागार नागपुरात आहे व तेथे कागदपत्रांची शास्त्रीय निगा राखली जाते. प्रश्न आहे तो गावोगावच्या लहान कपाटांचा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, कागद पापडासारखा कडक होतो. पावसाळ्यात तोच कागद दमट होतो आणि मग कसर व वाळवी आपले काम करतात. त्यात प्रत्येक नव्या अर्जासाठी तीच पाने पुन्हा उलटली जातात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या दप्तरांचे मोल साऱ्या राज्याच्या ध्यानी आले.

अशा वहीचे छायाचित्र एकदाच, परंतु नीट घेऊन ठेवले तर मूळ प्रत वारंवार हाताळावी लागत नाही. या कामी फार मोठे यंत्र लागते, हा समज मात्र खरा नाही. फुलस्केप पान साधारण साडेआठ इंच रुंद व साडेतेरा इंच लांब असते. इंचाला ३०० बिंदू हे नेहमीचे प्रमाण धरले तर त्यासाठी सुमारे १ कोटी ३ लाख बिंदू पुरतात. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचा साधा कॅमेरा हे काम करू शकतो. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात अवघे १० हजार बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही.

मग संगणक कशासाठी? चारशे पानांची वही टिपताना चारशे वेळा कॅमेऱ्याची कळ दाबावी लागते. प्रत्येक वेळी कॅमेरा किंचित हलतो, अक्षरे पुसट होतात आणि चूक ध्यानी येते ती वही कपाटात परत गेल्यावर. कॅमेरा स्टँडवर पानाच्या बरोबर वर, भिंग खाली करून बसवावा, यूएसबी तारेने संगणकास जोडावा आणि आज्ञा संगणकावरून द्यावी. चित्र क्षणभरात मोठ्या पडद्यावर दिसते. अंधुक वाटले तर पान उलटण्यापूर्वीच दुसरे घेता येते. शिवाय शाळा, वर्ष व पान क्रमांक यांचे नाव देऊन संगणक ते चित्र आपणच क्रमाने ठेवतो. लेखकाच्या मते खरा लाभ या शेवटच्या गोष्टीत आहे, कारण नाव नसलेली चारशे चित्रे म्हणजे पाने सुटलेली वहीच होय.

कॅमेरा व संगणक यांच्यातील हे संभाषण पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल नावाच्या संकेताने चालते. हा संकेत आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आयएसओ १५७४० या क्रमांकाने मान्य केला आहे. लिनक्स प्रणालीवर जीफोटो हा विनामूल्य कार्यक्रम वापरता येतो. विंडोजवर डिजिकॅमकंट्रोल हा तसाच विनामूल्य कार्यक्रम आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. तार जोडता येणारा प्रत्येक कॅमेरा आज्ञा ऐकतोच असे नाही. अनेक स्वस्त कॅमेरे काढलेली चित्रे संगणकाला देतात, पण त्याच्या सांगण्यावरून नवे चित्र काढीत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी, विशेषतः जुना कॅमेरा घेताना, त्याचे नाव जीफोटोच्या यादीत पाहावे. कॅमेरा जोडून त्याच्या क्षमता विचारण्याची सोयही त्या कार्यक्रमात आहे. लिनक्सवर कधी कधी संगणक कॅमेरा जोडताच तो स्वतःच उघडून बसतो व जीफोटोला दाद देत नाही. अशा वेळी ते उघडलेले साधन आधी बंद करावे. कॅनन कंपनीच्या कित्येक लहान कॅमेऱ्यांसाठी सीएचडीके नावाचा कार्यक्रम उत्साही मंडळींनी तयार केला आहे. तो स्मृतिपत्रावरून, म्हणजे मेमरी कार्डावरून चालतो. कार्ड काढले की कॅमेरा पूर्ववत होतो. अमेरिकेतील डॅनियल रीट्झ यांनी २००९ मध्ये टाकाऊ वस्तू व असे दोन स्वस्त कॅमेरे वापरून पुस्तके टिपण्याचे यंत्र घरीच बनविले व त्याची कृती सर्वांसाठी खुली केली.

बाकीची तयारी घरगुती म्हणावी अशी आहे. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी तिरके लावावेत, फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीचे ऊन पानावर येऊ देऊ नये. वही काळ्या कापडावर ठेवावी. भिंगाचे अंतर व प्रकाशाचे प्रमाण एकदा ठरवून कायम करावे, अन्यथा प्रत्येक पानाचा रंग निराळा येतो. बॅटरीऐवजी विजेचा ॲडॉप्टर वापरणे इष्ट, आणि काही मिनिटांनी आपोआप झोपी जाण्याची कॅमेऱ्याची सवय प्रथम बंद करावी. कडक झालेले पान दाबून सपाट करू नये. ते थोडे वळलेले टिपले तरी चालते, तुटलेले सांधता येत नाही.

एका चित्रास ५ मेगाबाइट धरले तरी चारशे पानांची वही २ गिगाबाइटमध्ये मावते. तिच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक शाळेच्या इमारतीबाहेर, उदाहरणार्थ केंद्रशाळेत असावी. या नोंदींत लोकांची जात व जन्मतारीख असल्याने त्या कोणाच्याही मोबाइलवर फिरू देऊ नयेत. तसेच छायाचित्र हा मूळ अभिलेखाचा पर्याय नव्हे. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा उतारा पूर्वीप्रमाणेच मूळ वहीवरून द्यावयाचा असतो. मात्र नेमके कोणते पान काढायचे, हे आता वही न चाळता पडद्यावर पाहून ठरविता येते.