जलाशयाभोवतीची वाट

मोटारसायकलवरून एकटाच भंडारदऱ्यास आलेला प्रवासी बहुधा शेंडी गावातून निघतो व जलाशयास वळसा घालून तेथेच परततो. मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावे मागे पडली की घाटघर लागते. येथे सह्याद्री एकाएकी तुटतो आणि कड्याखाली कोकण दृष्टीस पडते.

वाटेतील काळे कडे पायऱ्यांसारखे दिसतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर साचून हा खडक बनला. कठीण थर कडे होऊन उभे राहिले. मऊ थर झिजून त्यांच्या सपाट्या झाल्या. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (1,646 मीटर) याच खडकाचे आहे.

खडक असा अग्निजन्य असला, तरी तळे तसे नव्हे. मध्य अमेरिकेत ग्वातेमालातील आतित्लान सरोवर ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठले आहे. भंडारदऱ्याचे पाणी मात्र माणसाने अडविले. प्रवरेवरील हे सुमारे 82 मीटर उंचीचे दगडी धरण 1926 साली पुरे झाले.

पावसाळ्यात ही वाट एकट्याची कसोटी पाहते. धुके उतरले की दहा हातांवरचे वळण दिसत नाही. ओढे फरशीवरून वाहू लागतात. पाणी किती खोल आहे, हे वरून उमगत नाही आणि घसरलेली गाडी उचलावयास दुसरा कोणी नसतो. अशा वेळी जाणता प्रवासी भातखाचरातील शेतकऱ्यास विचारतो. त्याने ‘थांबा’ म्हटले, तर रतनवाडीच्या अमृतेश्वराचे दर्शन दुसऱ्या दिवसावर जाते.