उभ्या ट्रकचं इंजिन

एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, एकाच इंजिनाचे दोन ट्रक घ्या. एक कळंबोलीहून लोखंडाच्या कॉइल भरून इंदूरला जातो. दुसरा न्हावा-शेवा बंदर आणि आसपासची कंटेनर यार्डं यांच्यात खेपा मारतो. पहिला माझ्या गॅरेजात ऑइल बदलायला येतो, फार तर क्लच प्लेट टाकायला. दुसरा येतो तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटवूनच. "मिस्त्री, गाडी ओढत नाही, चढाला मरते," एवढंच ड्रायव्हर सांगतो. मालकाचं निदान तयार असतं: नव्या इंजिनांत दमच नाही, लोखंड काय ते जुन्या गाड्यांत होतं.

लोखंडाला मी दोष देणार नाही. माझी हयात पंप-नोझलच्या कामात गेली. जुन्या इनलाइन पंपाची इंजिनं मी खोलली, आजची कॉमन रेलचीही खोलतो. रेलमध्ये डिझेलचा दाब आता दोन हजार बारच्या घरात असतो, आणि लायनर, पिस्टन, क्रँक हे सगळं पूर्वीपेक्षा जास्त टिकतं. दुखणं आहे ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पलीकडे, जिथे पूर्वी नुसता सायलेन्सर असायचा.

तिथे एवढं सामान का आलं, हे आधी समजून घेऊ. डिझेल पेटतं तेव्हा ज्योतीचं तापमान फार वाढलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. आम्ही त्यांना नॉक्स म्हणतो. ज्योत थंड ठेवली तर नॉक्स घटतो, पण डिझेल अर्धवट जळून काजळी वाढते. इकडे आड, तिकडे विहीर. इंजिनाच्या डिझायनरची सगळी कसरत या दोन टोकांमधली.

ज्योत थंड ठेवायचा एक मार्ग म्हणजे ईजीआर. जळून गेलेल्या धुराचा काही भाग थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडायचा. दुसरा मार्ग एससीआर. ज्योत हवी तशी पेटू द्यायची आणि बाहेर पडणाऱ्या नॉक्सवर युरियाचं पाणी फवारायचं. त्यातून अमोनिया सुटतो आणि कॅटॅलिस्टवर नॉक्सचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी होतं. कागदावर डीईएफ असं लिहिलेलं ते हे द्रावण, त्यात ३२.५ टक्के युरिया. ड्रायव्हर सरळ 'युरिया' म्हणतात आणि काही महाभाग खताचा युरिया नळाच्या पाण्यात ढवळून टाकीत ओततात. त्यावर वेगळा लेख होईल. उरलेल्या काजळीसाठी डीपीएफ, म्हणजे सिरॅमिकची बारीक जाळी. तिच्यात काजळी अडते आणि अधूनमधून ती जाळून टाकावी लागते.

यातला एकच मार्ग धरून बसल्यावर काय होतं, ते अमेरिकेत नॅव्हिस्टार कंपनीने पाहिलं. तिथे २०१० पासून नॉक्सची मर्यादा एका हॉर्सपॉवर-तासामागे ०.२ ग्रॅमवर आली. कमिन्स, व्होल्वो, डेमलर, सगळे एससीआरकडे वळले. नॅव्हिस्टारने ठरवलं की युरियाची टाकीच नको, नुसत्या ईजीआरवर भागवू. मालकाला ऐकायला गोड. पण त्यासाठी धूर भरपूर फिरवावा लागतो आणि तो थंड करण्याचा भार कूलर आणि रेडिएटरवर पडतो. ईजीआर कूलरच्या पातळ नळ्यांत एका बाजूने सहाशे अंशांच्या आसपासचा धूर आणि दुसऱ्या बाजूने नव्वद अंशांचं कूलंट. गाडी चढाला लागली की नळ्या प्रसरण पावतात, उताराला आकसतात. शेवटी चीर जाते आणि कूलंट इंजिनात शिरतं. काजळीने नळ्या चोंदतात ते वेगळंच.

मर्यादा गाठता येईना तेव्हा कंपनीने पूर्वी साठवलेल्या प्रदूषण-सवलतींवर, म्हणजे क्रेडिटवर, दिवस काढले. २०१२ च्या जानेवारीत पर्यावरण खात्याने दर इंजिनामागे १,९१९ डॉलरपर्यंत दंड भरून विक्रीची मुभा दिली. प्रतिस्पर्धी कोर्टात गेले आणि जूनमध्ये तो नियम रद्द झाला. जुलैत कंपनीने एससीआर घेणार असं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये प्रमुख डॅनियल उस्टियन यांना जावं लागलं. मॅक्सफोर्स ११ आणि १३ या इंजिनांच्या ट्रकमालकांनी भरलेले दावे २०१९ मध्ये साडेतेरा कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटवण्याचं ठरलं. याच कंपनीची महिंद्राबरोबरची भागीदारी आपल्या चाकणला होती. तिथलं मॅक्सफोर्स मात्र वेगळं, ७.२ लिटरचं, आपल्या त्या वेळच्या सैल नियमांसाठी बांधलेलं. २०१२ च्या अखेरीस महिंद्राने नॅव्हिस्टारचा हिस्सा घेतला.

ईजीआर वाईट असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये बीएस-४ हा धुराचा नियम देशभर लागू झाला तेव्हा नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅम होती, आणि अशोक लेलँडने अवजड ट्रकही ईजीआरवर बसवून दाखवले. टाटांनी एससीआर घेतलं. दोघांच्या गाड्या धावल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, मर्यादा ०.४६ झाली, आणि सगळ्यांच्याच सायलेन्सरच्या जागी युरिया आणि डीपीएफ आले.

आता बंदरातला तो दुसरा ट्रक. एससीआरला उष्णता लागते. धूर साधारण दोनशे अंशांच्या वर असेल तरच युरियाचं नीट विघटन होतं. त्याखाली फवारलं तर पाइपात पांढरे खडे जमतात, म्हणून इंजिनाचा कंप्युटर फवारणीच थांबवतो. नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनाचा धूर असतो शंभर-दीडशे अंशांचा. म्हणजे बंदराच्या रांगेत एसी लावून तासन्‌तास उभ्या असलेल्या ट्रकचं एससीआर बसवलेलं असूनही झोपलेलं असतं. डीपीएफची तीच गत. धूर गरम असला तर काजळी चालता चालता जळत राहते, इंदूरच्या ट्रकला जाळीची आठवणही होत नाही. थंड धुरात ती साठत जाते. मग कंप्युटर जादा डिझेल सोडून जाळी सहाशे अंशांपर्यंत तापवायला बघतो. सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेलं हे डिझेल काही इंजिनांत लायनरवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. त्यात निम्म्यावर रांग पुढे सरकते, ड्रायव्हर गाडी काढतो आणि जाळणं अर्धवट राहतं. असं चार वेळा झालं की जाळी चोंदते, कंप्युटर ताकद कापतो, आणि ट्रक माझ्या दारात.

माझ्या मते या इंजिनांचा खरा दोष हाच. ती पळणाऱ्या ट्रकसाठी आखली आहेत, आणि आपला ट्रक आयुष्याचा मोठा भाग उभा असतो. याला डिझायनर एकटा जबाबदार नाही, त्याने परीक्षेपुरता अभ्यास केला. आपले नियम ज्यांच्यावरून बेतले त्या युरोपच्या युरो-६ मध्ये रस्त्यावर मोजणी करताना, ज्या टप्प्यांत इंजिनाची सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या २० टक्क्यांखाली असे, ते टप्पे सुरुवातीला हिशेबातूनच वगळले जात. पुढे ही अट १० टक्क्यांवर आणली. रांगेतला ट्रक दहा टक्क्यांच्याही खालीच असतो.

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये परीक्षाच बदलली आणि कमी भाराची, सुमारे दीड तासाची वेगळी चाचणी ठरवली. नियमाची पुढे राजकारणात ओढाताण झाली, २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याची परवानगीच काढून घेतली. पण त्यानिमित्ताने सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने जे करून दाखवलं ते पुसता येत नाही. त्यांनी कमिन्सचं १५ लिटरचं बाजारातलंच इंजिन घेतलं आणि त्यात दोन मुख्य बदल केले. पहिला, भार कमी असताना काही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे. उरलेल्या सिलिंडरांना तेवढंच काम जास्त जोर लावून करावं लागतं आणि धूर तापतो. दुसरा, टर्बोला लागूनच एक छोटं एससीआर, तिथे युरियाचा स्वतंत्र फवारा, आणि मागे नेहमीचं मोठं एससीआर. नॉक्स आधीच्या साधारण दशांशावर आला आणि डिझेलचा खर्च वाढला नाही.

सिलिंडर बंद करायची युक्ती मला फार आवडते. जादा डिझेल जाळून धूर तापवणं हे आळशी उत्तर आहे. सिलिंडर बंद करणं हे इंजिनाच्या आतलं उत्तर आहे. खर्च आहे, रॉकर आर्मची रचना बदलते, नव्या सोलेनॉइडना स्वच्छ ऑइल लागतं. आणि आपल्याकडे ऑइल बदलायचा दिवस पुढे ढकलणं हा मालकांचा हक्कच मानला जातो.

काही सुधारणांना संशोधनसंस्थाही लागत नाही. टर्बोपासून डीपीएफपर्यंतच्या पाइपाला चांगलं उष्णतारोधक वेष्टण द्या. ईजीआर कूलर असा बसवा की तो काढायला निम्मं इंजिन उघडावं लागू नये. आणि जाळी किती भरली याचा आकडा ड्रायव्हरला दाखवा. अनेक गाड्यांत त्याला नुसता दिवा दिसतो, आणि दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मला स्कॅनरवर दिसतं ते त्याला का दिसू नये?

यार्डात फिरणाऱ्या गाड्यांच्या मालकांना मी सध्या एवढंच सांगतो: आठवड्यातून एकदा गाडीला भरल्या मालाचं लांबचं भाडं द्या. बोरघाट चढून पुण्याला जाऊन आली तरी जाळीतली काजळी आपोआप जळते. शेठ लोक लगेच डिझेल आणि टोलचा हिशेब मांडतात. मी नव्या डीपीएफचं कोटेशन पुढे ठेवतो.